सुई, लेखणी आणि वैराग्य

ख्रिस्ती धर्मजीवनातील वैराग्याचा विचार करू लागताच एक अडचण समोर येते, ती म्हणजे हा धर्म जगाला मिथ्या मानत नाही. बायबलच्या पहिल्याच अध्यायात देव आपल्या निर्मितीकडे पाहतो आणि ती चांगली असल्याचा निर्वाळा देतो; येशू लग्नाच्या मेजवानीला जातो, जकातदारांच्या पंक्तीला बसतो आणि त्यापायी खादाड म्हणून निंदाही ओढवून घेतो. त्याच येशूने एका श्रीमंत तरुणाला असेल नसेल ते विकून गोरगरिबांना वाटून टाकायला सांगितले आणि तो तरुण खिन्न होऊन निघून गेला, अशी हकिकत मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १९व्या अध्यायात आहे. जग चांगले असेल तर ते सोडायचे कशासाठी, आणि सोडायचेच असेल तर नेमके काय, या प्रश्नाचा छडा लावण्यात ख्रिस्ती परंपरेची पहिली चार-पाच शतके गेली, आणि त्याचे सर्वांत सूक्ष्म उत्तर धर्मपंडितांच्या सभांमध्ये नव्हे, तर इजिप्तच्या वाळवंटात टोपल्या विणणाऱ्या माणसांकडून मिळाले.

त्यापूर्वीचे एक उत्तर व्यापारी शहराला शोभेल असे होते. इ.स. २००च्या सुमारास अलेक्झांड्रियाचे क्लेमेंट यांनी, कोणता श्रीमंत माणूस तरेल या प्रश्नावरच एक प्रवचनवजा ग्रंथ लिहिला आणि त्यात असे मांडले की संपत्ती हे केवळ साधन आहे, दोष असतो तो तिच्याविषयीच्या हावेत; सगळेच कफल्लक झाले तर भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र द्यायचे कोणी, असा त्यांचा सवाल होता. संपत्ती टाकून देऊनही मनात तिचाच ध्यास राहिलेल्या माणसाची अवस्था दुहेरी वाईट होते, कारण त्याच्या हातून द्रव्यही जाते आणि त्याची तळमळही सुटत नाही, हे त्यांचे निरीक्षण तर आजही बिनतोड वाटते. मात्र हा युक्तिवाद जितका चोख, तितकाच सोयीचाही आहे, कारण आपली हाव केव्हाच सुटली आहे असे स्वतःला पटवून देणे श्रीमंताला मुळीच कठीण जात नाही.

क्लेमेंट यांच्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी नाईलच्या खोऱ्यातील एका खेड्यात अँथनी नावाच्या तरुणाने येशूने त्या श्रीमंत तरुणाला सांगितलेले वचन प्रार्थनामंदिरात ऐकले आणि त्याचा शब्दशः अर्थ घेतला. (गोव्यात आणि वसईत ज्यांचा सण १३ जूनला साजरा होतो ते पादुआचे संत अँथनी निराळे आणि जवळजवळ हजार वर्षांनंतरचे, इजिप्तच्या अँथनींचा स्मरणदिन १७ जानेवारीला येतो.) आईवडील नुकतेच वारले होते आणि मागे तीनशे अरूरा, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे दोनशे एकर, सुपीक जमीन होती. अँथनींनी ती गावकऱ्यांना देऊन टाकली, घरातील चीजवस्तू विकून पैसा गरिबांत वाटला आणि धाकट्या बहिणीसाठी थोडी रक्कम राखून ठेवली. पुढे उद्याची चिंता करू नका हे येशूचे वचन कानी पडताच तीही वाटून टाकली आणि बहिणीला व्रतस्थ कुमारिकांच्या स्वाधीन केले. अलेक्झांड्रियाचे बिशप अथानासियस यांनी अँथनींच्या मृत्यूनंतर, म्हणजे इ.स. ३५६नंतर, थोड्याच काळात लिहिलेल्या चरित्रात हे सारे येते, आणि ख्रिस्ती संन्यासाला सर्वत्र पोहोचवण्यात या चरित्राचा वाटा फार मोठा आहे. त्यात एक तपशील सहज नजरेआड होतो: जवळजवळ वीस वर्षे एका पडक्या गढीत एकांतात काढून अँथनी बाहेर आले तेव्हा लोकांना त्यांचे शरीर ना सुटलेले दिसले ना उपासांनी खंगलेले, आणि गर्दी पाहून ते ना गांगरले ना हुरळले. चरित्रकाराला तपश्चर्येची खूण हाडकुळ्या देहात दाखवायची नव्हती, तर समतोलात दाखवायची होती.

इ.स. ३१३मध्ये रोमन साम्राज्यातील छळ थांबला, बिशपांना राजदरबारी मान मिळू लागला, आणि चौथ्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत नाईलच्या मुखप्रदेशाच्या पश्चिमेकडील नित्रिया, केलिया आणि स्केतिस या वस्त्यांमध्ये साधकांची संख्या हजारांवर गेली. त्याच काळात दक्षिणेकडे पाखोमियस यांनी एका छपराखाली, एका नियमाने राहणाऱ्या संन्याशांचे मठ उभारले. केलियातील साधक मात्र सुटे राहत, आठवडाभर आपापल्या खोलीत एकटे असत आणि शनिवारी-रविवारी उपासनेसाठी व सहभोजनासाठी एकत्र जमत. त्यांचा दिवस अगदी साधा होता. खजुरीच्या झावळ्या पाण्यात भिजत घालायच्या, त्यांच्या पट्ट्या वळून टोपल्या नि दोर विणायचे, विणता विणता स्तोत्रे म्हणायची, आणि दुपारी तीनच्या सुमारास दिवसातून एकदा दोन वाळक्या पावांचे जेवण घ्यायचे. विणलेला माल बाजारात विकला जाई, सुगीच्या दिवसांत काही जण खोऱ्यातील शेतांवर मजुरीने कापणीला जात, आणि खाऊन उरलेले धान्य दुष्काळी लिबियाकडे व शहरांतील तुरुंगांत खितपत पडलेल्या कैद्यांकडे पाठवले जाई. भिक्षेवर जगणारा विरक्त ही भारतीय वाचकाच्या ओळखीची प्रतिमा येथे लागू पडत नाही. आपल्या हातांनी कमवायचे आणि दुसऱ्याला द्यायचे, हा तेथील संन्यासाचा कणा होता.

कमाई आली की तिचा मोहही आला, आणि या मोहाशी वाळवंट किती कठोरपणे वागे याचा एक प्रसंग धर्मपंडित जेरोम यांनी ३८४मध्ये एका शिष्येला लिहिलेल्या पत्रात नोंदवला आहे. नित्रियातील एक साधक ताग विणून पोट भरत असे. तो वारला तेव्हा त्याच्याजवळ सोन्याची शंभर नाणी निघाली. त्याला हावरटापेक्षा काटकसरी म्हणणे अधिक योग्य होते, असे खुद्द जेरोमच म्हणतात. पैशाचे करायचे काय यावर साधकांची बैठक बसली. कोणी गरिबांना द्या म्हणाले, कोणी चर्चला, तर कोणी त्याच्या आईवडिलांना. पण मॅकेरियस, पांबो, इसिदोर आदी वडीलधाऱ्यांनी ती नाणी प्रेताबरोबरच पुरून टाकण्याचा निर्णय दिला. हा निर्णय आजच्या वाचकाला उधळपट्टीचा वाटेल, आणि एका अर्थाने तो तसा होताही, कारण त्या शंभर नाण्यांत कितीतरी उपाशी पोटे भरली असती. पण साठवलेल्या पैशातून नंतर पुण्य विकत घेता येते ही पळवाट एकदा खुली ठेवली की प्रत्येक खोलीच्या जमिनीत एकेक गाडगे पुरले जाईल, ही भीती त्यामागे होती.

सोने असे पुरून टाकता येते. खरा प्रश्न सोने नसताना काय होते हा आहे. जॉन कॅसियन हे तरुणपणी मित्रासह इजिप्तमध्ये राहिले आणि पुढे मार्सेय येथे स्थायिक होऊन त्यांनी पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात इजिप्तमधील वडीलधाऱ्यांशी झालेले संवाद लॅटिनमध्ये लिहून काढले. त्यांतील पहिल्याच संवादात स्केतिसचे आब्बा मोझेस (आब्बा म्हणजे पिता, अनुभवी साधकासाठी वापरले जाणारे आदराचे संबोधन) एक विलक्षण गोष्ट सांगतात: जमीनजुमला, सोनेनाणे यांवर बिनदिक्कत पाणी सोडून आलेली माणसे पुढे एखादा चाकू, सुई किंवा लेखणी यांपायी चिडताना दिसतात, आणि एखादा साधक आपली पोथी इतकी जपतो की दुसऱ्याने तिला हात लावलेलाही त्याला खपत नाही. दोनशे एकर सोडणारे मन दोन बोटांच्या सुईला चिकटते, कारण चिकटण्याची सवय जमिनीबरोबर गावात राहत नाही, ती माणसाबरोबर वाळवंटात येते. आब्बा मोझेस याच ठिकाणी प्रेषित पौल यांच्या त्या वचनाकडे वळतात, ज्यात सर्वस्व दान केले पण प्रीती नसली तर काहीच लाभ नाही असा आशय आहे. उपास, जागरण, दारिद्र्य ही सारी हत्यारे आहेत, साध्य आहे ते हृदयाची शुद्धी, म्हणजे प्रीतीला आडवे येणारे काहीही मनात न उरणे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ख्रिस्ती वैराग्याची सगळी पुढची चर्चा या एका संवादाभोवती फिरते असे म्हटले तरी चालेल.

मन कोठे कोठे चिकटते याचा पद्धतशीर शोध घेतला तो पोंतसचे इव्हाग्रियस यांनी. काळ्या समुद्राच्या दक्षिणेकडील पोंतस प्रांतात जन्मलेला हा विद्वान कॉन्स्टँटिनोपलमध्ये धर्माधिकारी म्हणून नावारूपाला आला, एका बड्या अधिकाऱ्याच्या पत्नीच्या प्रेमात गुंतला, शहर सोडून जेरुसलेमला आला आणि तेथे थोरल्या मेलानिया या मठप्रमुख विदुषीच्या सांगण्यावरून ३८३च्या सुमारास इजिप्तच्या वाळवंटात दाखल झाला. ३९९मध्ये मृत्यू येईपर्यंत पोथ्यांच्या नकला करून देण्यावर त्याचा चरितार्थ चालला. इव्हाग्रियस यांनी साधकाला सतावणारे आठ विचार सांगितले: खादाडपणा, कामवासना, लोभ, खिन्नता, क्रोध, आकेदिया, लोकेषणा आणि गर्व. मराठी वाचकाला येथे षड्रिपू आठवणे साहजिक आहे, परंतु इव्हाग्रियस यांचा भर शत्रूंची नावे सांगण्यावर नसून प्रत्येक विचार मनाशी काय बोलतो ते ऐकण्यावर आहे, आणि त्यांची लेखणी खरी रंगते ती तेथेच.

लोभाचेच पाहावे. त्यांच्या वर्णनातील लोभ सोन्याचे ढीग दाखवत नाही. तो पुढे येणारे लांबलचक म्हातारपण दाखवतो, थकलेले हात, संभाव्य दुष्काळ, आजारपण, आणि दुसऱ्यापुढे हात पसरण्याची लाज दाखवतो. म्हणजे लोभ हा मुळात भीतीचा आवाज आहे आणि तो शहाणपणाच्या भाषेत बोलतो, त्यामुळे तो ओळखू येत नाही. आकेदिया या ग्रीक शब्दाने जी अवस्था सांगितली जाते तिला केवळ आळस म्हणणे पुरेसे होत नाही. भर दुपारी सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा झाला आहे असे वाटू लागते, साधक वारंवार खिडकीतून डोकावून जेवणाची वेळ किती दूर आहे ते पाहतो, कोणी भेटायला येते आहे का याची चाहूल घेतो, मग त्याला ही खोली, हे काम, हे सोबती नकोसे होतात आणि देवाची उपासना काय, कोठेही करता येते, असा अगदी धार्मिक विचार सुचतो. लोकेषणा म्हणजे लोकांकडून वाहवा मिळवण्याची ओढ तर बाकीचे विचार हरले की अधिकच बळावते. एकटा बसलेला साधक मनातल्या मनात रोग्यांना बरे करू लागतो, त्याच्या दाराशी गर्दी लोटते, लोक त्याला बळेच धर्मगुरू करायला ओढून नेतात. कॅसियन यांनी या विकाराला कांद्याची उपमा दिली, कारण एक पापुद्रा सोलला की खाली दुसरा तयारच असतो: भपकेबाज कपड्यांचा गर्व सुटला की फाटक्या कपड्यांचा सुरू होतो.

या आठ विचारांच्या कह्यातून सुटलेल्या मनःस्थितीसाठी इव्हाग्रियस यांनी अपाथेइया ही संज्ञा वापरली. ती त्यांनी स्टोइक तत्त्वज्ञांकडून घेतली होती, ज्यांच्या मते ज्ञानी पुरुष क्षोभांपासून मुक्त असतो. या संज्ञेवर जेरोम यांनी कडाडून हल्ला केला. अशी क्षोभरहित अवस्था माणसाला लाभायची तर तो एक तर दगड असला पाहिजे किंवा देव, असे त्यांचे म्हणणे होते. टीका झणझणीत आहे, पण ती इव्हाग्रियस यांना पुरती लागू पडत नाही, कारण त्यांच्या मांडणीत अपाथेइया हा शेवटचा मुक्काम नाही. प्रीती ही तिची लेक आहे, आणि जिला लेक झाली नाही ती अपाथेइया खरी नाही. क्रोधाला त्यांनी प्रार्थनेचा सर्वांत मोठा शत्रू मानले आणि उपास करून चिडचिडा झालेल्या साधकापेक्षा सौम्य माणूस त्यांना अधिक मोलाचा वाटला. सहाव्या शतकात त्यांच्या काही तात्त्विक मतांचा चर्चने निषेध केल्यामुळे त्यांच्या प्रार्थनेवरील ग्रंथाचा दुसऱ्याच्या नावाखाली प्रसार झाला, आणि त्यांचे आठ विचार पुढे पोप पहिले ग्रेगरी यांच्या हातून फेरफार होऊन सात मुख्य पापे म्हणून पश्चिम युरोपभर रूढ झाले. या प्रवासात बरेच काही हरवले. मनाशी होणारा संवाद जाऊन त्या जागी गुन्ह्यांची यादी आली.

वाळवंटातील कथासंग्रहांमध्ये मात्र तो मूळ सूर टिकून आहे. एकत्र राहणाऱ्या दोन म्हाताऱ्या साधकांचे आयुष्यात कधी भांडण झाले नव्हते. इतर लोक भांडतात तसे आपणही एकदा भांडून पाहू, असे एकाने सुचवले आणि मध्ये एक वीट ठेवली. ही माझी, असे मी म्हणेन, तू म्हण की नाही, माझी आहे, म्हणजे भांडण सुरू होईल. ठरल्याप्रमाणे दोघे एकेकदा बोलले, आणि मग पहिला म्हणाला की तुझीच असेल तर घेऊन जा. भांडण तेथेच आटोपले. पाहुण्यासाठी उपास मोडण्याच्या रिवाजातही हेच दिसते: इजिप्तमध्ये आपण येताच वडीलधारे उपास सोडून जेवायला बसतात याचे कॅसियन यांना नवल वाटले तेव्हा त्यांना मिळालेल्या उत्तराचा आशय असा होता की उपास रोजचाच आहे, पाहुणा उद्या निघून जाईल. स्वतःच्या व्रतालाही न चिकटण्याची ही तयारी नसेल, तर वैराग्य ही साधकाची आणखी एक मालमत्ता होऊन बसते.

या परंपरेची एक बाजू तिच्या चाहत्यांकडून फारशी सांगितली जात नाही, ती म्हणजे एकाच्या त्यागाची किंमत पुष्कळदा दुसऱ्याला मोजावी लागते. अँथनींच्या बहिणीला या व्यवस्थेबद्दल काय वाटले हे अथानासियस सांगत नाहीत. थोरल्या मेलानियाची नात, धाकटी मेलानिया, हिने पाचव्या शतकाच्या आरंभी रोमन उमराव घराण्याची अफाट संपत्ती वाटून टाकली. तिने आठ हजार गुलामांना मुक्त केल्याचे पल्लादियस हा समकालीन लेखक लिहितो, आणि त्याच ओघात उरलेल्या गुलामांनी मुक्ती न घेता तिच्या भावाकडे राहणे पसंत केले व ते नाममात्र किमतीला त्याला विकले गेले, असेही नोंदवतो. माणसांची विक्री हा त्यागाचाच एक भाग ठरावा, याची त्या काळी कोणाला टोचणी लागली नाही. चर्चने अतिरेकाला आळा घालण्याचा प्रयत्न मात्र केला: चौथ्या शतकाच्या मध्याच्या सुमारास आशिया मायनरमधील गांग्रा येथे भरलेल्या धर्मसभेने विवाहाची घृणा करणाऱ्यांचा, सर्वस्व न सोडणाऱ्या श्रीमंताला तारणाची आशाच नाही म्हणणाऱ्यांचा, आणि तपश्चर्येच्या नावाखाली मुलांना वाऱ्यावर सोडणाऱ्या आईबापांचा स्पष्ट निषेध केला. महाराष्ट्रात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७मध्ये मिशनची पगारी सेवा सोडून ख्रिस्ती संन्यास पत्करला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला, तेव्हा हाच जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. फरक इतकाच की हातात येईल ते देऊन टाकणाऱ्या माणसाबरोबर संसार करणे म्हणजे काय हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये हसतखेळत, पण काही न झाकता लिहून ठेवले. ख्रिस्ती वैराग्यावरील साहित्यात घरच्या माणसाची अशी साक्ष दुर्मीळ आहे, आणि ती मराठीत आहे.

संसार न सोडणाऱ्यांसाठी वैराग्याची उपयुक्त मांडणी झाली ती सोळाव्या शतकात, इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात. १५४८मध्ये छापले गेलेले हे पुस्तक वाचण्यासाठी नाही, करण्यासाठी आहे. महिनाभराच्या ध्यानाची ती कार्यपद्धती आहे. तिच्या आरंभी ते एक तत्त्व मांडतात: निर्माण झालेल्या सर्व वस्तू माणसाने ईश्वरी हेतूला जितक्या साहाय्यक ठरतील तितक्याच वापराव्यात, आणि आरोग्य की आजार, श्रीमंती की गरिबी, दीर्घायुष्य की अल्पायुष्य यांपैकी कशाचाही आधीच हट्ट धरू नये. याला ते तटस्थता म्हणतात, आणि तिचा अर्थ उदासीनता असा नसून कोणत्याही बाजूला वळण्याची मोकळीक असा आहे, तराजू समपातळीत असल्याखेरीज वजन खरे कळत नाही तसा. तिचा व्यवहारातील परिणाम गोव्याला पुस्तक छापले जाण्याआधीच पाहायला मिळाला. १५४०च्या मार्चमध्ये भारतासाठी नेमलेला, इग्नेशियस यांनी स्थापन केलेल्या येशूसंघातील एक सहकारी आजारी पडला म्हणून ऐनवेळी फ्रान्सिस झेवियर यांना विचारण्यात आले, आणि जवळपास दुसऱ्याच दिवशी ते रोमहून निघाले. मे १५४२मध्ये ते गोव्यात उतरले आणि इग्नेशियस यांची त्यांची पुन्हा भेट झाली नाही.

पोपने येशूसंघच बरखास्त केला तर काय कराल, या प्रश्नावर पाव तास प्रार्थना केली तर मन ठिकाणावर येईल, असे उत्तर इग्नेशियस यांनी दिल्याचे त्यांचे सहकारी सांगत. मे १५५५मध्ये त्याची परीक्षा झाली. येशूसंघाविषयी कटू असलेले कार्डिनल काराफा चौथे पॉल म्हणून पोपपदी निवडून आल्याची वार्ता आली तेव्हा इग्नेशियस यांचा चेहरा पालटला आणि त्यांच्या अंगातले हाड न् हाड हादरले, असे जवळ असलेल्या गोन्साल्विस दा कामारा यांनी लिहून ठेवले आहे. ते काही न बोलता उठून प्रार्थनामंदिरात गेले आणि थोड्या वेळाने बाहेर आले ते नवा पोप आपल्या मनासारखाच निवडला गेला असावा इतक्या प्रसन्न चेहऱ्याने. त्यांची भीती अनाठायी नव्हती. त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी याच पोपने संघाच्या नियमांत हात घातला, आणि ते बदल पोपच्या निधनापर्यंत संघाने पाळले.